मे महिन्यातील तारकर्ली : ऊन, गर्दी आणि पोराबाळांचा सांभाळ

शाळांना सुट्टी लागली की घरोघरी एकच विषय निघतो, यंदा जायचे कुठे? पूर्वी आपल्या वस्त्यांमध्ये सुट्टी म्हणजे आजोळ किंवा गावची जत्रा एवढेच ठाऊक होते. आता तसे राहिलेले नाही. महिला मंडळाच्या भिशीतून, बचत गटातून किंवा चार घरांनी मिळून केलेल्या वर्गणीतून कुटुंबेच्या कुटुंबे सहलीला निघतात. सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि मालवणचा किनारा मुंबईच्या कामगाराला एका रात्रीवर आला. मालवणपासून सहा-सात किलोमीटरवरची तारकर्ली आणि तिच्या पुढचे देवबाग ही नावे आज चाळीतल्या पोरांच्या तोंडी असतात.

मे महिना हा तारकर्लीला जाण्याचा सर्वांत अवघड महिना, हे खरे आहे. ऊन तेव्हाच, गर्दी तेव्हाच, खोल्यांचे भाडेही तेव्हाच वर. ‘डिसेंबरात जा’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. पण ज्याला रजा मेमध्येच मिळते आणि ज्याच्या मुलांची शाळा मेमध्येच बंद असते, त्याने तो सल्ला घेऊन काय करावे? तेव्हा मेमध्येच जायचे असे धरून चालू.

३४ अंशांचे ऊन

नागपूर, अकोला, जळगावकडील मंडळी कोकणातला पारा पाहून हसतात. आमच्याकडे ४५, इथे ३४! यात ऊन ते कसले? आणि नेमकी हीच मंडळी दुसऱ्या दिवशी दुपारी डोके धरून बसलेली दिसतात.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आपले शरीर घामाने थंड होत नाही, घाम सुकल्याने थंड होते. घाम सुकताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. विदर्भातली हवा कोरडी, तिथे घाम आला न आला तोच उडून जातो. समुद्राकाठची हवा आधीच बाष्पाने भरलेली असते, त्यामुळे घाम सुकत नाही, नुसता निथळतो. पाणी आणि मीठ अंगातून जाते, पण थंडावा मिळत नाही. विदर्भात घरोघरी चालणारा वाळ्याचा कूलर कोकणात निरुपयोगी ठरतो, त्याचेही कारण हेच. ३४ अंश तापमान आणि हवेत ६० टक्के आर्द्रता असेल तर अंगाला ४० अंशांच्या वरचे ऊन जाणवते. हवामान खातेदेखील हा फरक मानते. मैदानी भागात पारा ४० ला पोहोचल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार होत नाही, किनारपट्टीवर तो ३७ पासूनच होतो. शिवाय कोकणासाठी ‘उष्ण व दमट हवामान’ असा वेगळा इशारा दिला जातो. रेडिओवर वा मोबाइलवर तो ऐकला तर त्या दिवशीचा बेत बदलावा.

दमट ऊन आणि गर्दी एकत्र आली म्हणजे काय होते हे महाराष्ट्राने १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला पाहिले आहे. महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी लाखो माणसे दुपारपर्यंत उघड्या मैदानावर बसली होती. त्यातील १४ जण दगावले. तेही नागपूरचे ४५ अंश नव्हते.

आपल्या वाचकांपैकी अनेकजण रस्त्यावर, बांधकामावर, गोदीत, सफाईच्या कामावर दिवसभर उन्हात असतात. त्यांना उन्हाची ओळख करून देण्याची गरज नाही. परंतु कामावर असताना हाच माणूस डोक्याला फडके बांधतो, सावली पाहून टेकतो, तासातासाला पाणी पितो. सहलीत मात्र ‘पैसे भरलेत, सगळे बघून घेऊ’ या घाईत तो हे सारे विसरतो. तीन दिवसांचे पैसे दीड दिवसात वसूल करण्याचा हा हट्टच पुष्कळ घरांची सहल आजारी पाडतो.

दिवसाचे दोन तुकडे

किनाऱ्यावरचे लोक मे महिन्यात कसे वागतात ते पाहावे. रापण ओढणारी मंडळी पहाटेपासून वाळूवर असतात आणि ऊन चढले की किनारा मोकळा होतो. दुपारी चिरेबंदी, कौलारू घराच्या पडवीत माणसे आडवी झालेली असतात. पुन्हा हालचाल दिसते ती चार-साडेचारनंतर. पर्यटक नेमके उलट करतो. नऊला उठतो, अकराला न्याहारी उरकतो आणि बाराच्या उन्हात वाळूवर येतो.

मे महिन्यात इकडे सहाच्या सुमारास उजाडते आणि सातच्या सुमारास सूर्य बुडतो. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी साडेचार ते सात असे दोन तुकडे सहलीचे धरावेत. मधला वेळ जेवणाचा, झोपेचा आणि पत्त्यांचा. मुले कुरकुर करतील, करू द्यावी.

यात सिंधुदुर्ग किल्ला सकाळच्या तुकड्यातच घ्यावा. मालवणच्या धक्क्यावरून होड्या सुटतात. सकाळी समुद्र शांत असतो. दुपारनंतर जमीन तापली की समुद्राकडून खारे वारे जोराने येतात आणि होडी हलू लागते. १६६४ च्या नोव्हेंबरात कुरटे बेटावर या किल्ल्याचे काम सुरू झाले, आवार सुमारे ४८ एकरांचे आहे आणि त्यात सावली थोडी. होडीवाले साधारण तासाभराची वेळ देतात, त्या तासात सगळी तटबंदी पालथी घालण्याचा प्रयत्न करू नये. तटावरचा दगड दहानंतर असा तापतो की शिवराजेश्वराच्या मंदिराबाहेर चपला काढलेली मुले नाचू लागतात. मुलांना दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी मात्र आवर्जून दाखवाव्यात. चहूकडे खारे पाणी आणि मधोमध गोड्या पाण्याच्या विहिरी, हा भूगोलाचा धडा पुस्तकातून इतका चांगला शिकता येत नाही.

खोली घेताना वातानुकूलित आहे की नाही एवढेच विचारून थांबू नये. ती सर्वांत वरच्या मजल्यावर स्लॅबखाली आहे का, हे विचारावे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत उष्णता सोडत राहतो. पत्र्याच्या घरात उन्हाळे काढलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. घरगुती निवासातली तळमजल्यावरची, माडांच्या सावलीतली साधी पंख्याची खोली पुष्कळदा अधिक सुखाची ठरते आणि स्वस्तही पडते. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी, अशी मधली अरुंद पट्टी आहे. तिथल्या वाळूत गोड्या पाण्याची विहीर म्हणजे मोठी ठेव. मे महिन्यात याच विहिरींवर गावाचे आणि पाहुण्यांचे, दोघांचेही भागायचे असते. पाण्यासाठी आपण आयुष्यभर रांगा लावल्या आहेत. समुद्रावरून आल्यावर नळ सोडून अर्धा तास आंघोळ करणे आपल्याला तरी शोभत नाही.

पेज, आगळ आणि शहाळे

उन्हावरचे औषध इथल्या स्वयंपाकघरातच आहे. उकड्या तांदळाची पेज, मिठाचा खडा घातलेली, सोबत लोणचे. कोकणातला शेतकरी सकाळच्या कामानंतर हीच घेतो. पाणी, मीठ आणि पचायला हलके धान्य, तिन्ही एका वाडग्यात. जिथे उतराल तिथल्या ताईंना आदल्या रात्री सांगून ठेवले तर त्या आनंदाने करून देतात. पाहुणे सुरमई मागतात, पेज कोणी मागत नाही, म्हणून ती दराच्या फळ्यावर दिसत नाही इतकेच.

दुसरे कोकम. बाटलीतले गोड सरबत सर्वांना माहीत आहे, पण ज्यांना मधुमेह आहे त्यांनी ते टाळून कोकमाचे आगळ घ्यावे. ते मिठाचे असते, साखरेचे नसते. पेलाभर पाण्यात चमचा-दोन चमचे पुरते. रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र मिठाचे मान सांभाळावे. सोलकढी नारळाच्या दुधाची, ती उन्हाळ्यात लवकर फसफसते. दुपारची सोलकढी रात्री पिऊ नये. शहाळे उत्तम, मात्र सर्वांनी दिवसातून दोनदा घ्यायचे म्हटले तर खर्च वाढतो. त्याऐवजी घरूनच जलसंजीवनीची पाकिटे न्यावीत. ती नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. मीठ अंदाजाने जास्त टाकू नये.

आता भगिनींसाठी थोडे स्पष्ट लिहितो. प्रवासात आणि गर्दीच्या ठिकाणी आपल्या स्त्रिया पाणी पीत नाहीत. कारण उघड आहे. शौचालय कुठे मिळेल, कसे असेल याची खात्री नसते. मग सकाळी एक कप चहा आणि थेट दुपारी पाणी. उन्हात चक्कर येणाऱ्यांत घरची आई पुढे असते, याचे मूळ पुष्कळदा इथे असते. यावर उपाय पुरुषांनी करायचा आहे. कुठेही उतरले की पहिल्यांदा शौचालय शोधावे, पाच रुपये लागले तर द्यावेत आणि मगच पुढे निघावे. किनाऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर खोली घ्यावी ती याचसाठीही. लघवी गडद पिवळी होऊ लागली की शरीर पाणी मागत आहे असे समजावे. ही खूण लहानथोर सर्वांना लागू आहे.

कपडे सुती, सैल, बाहीचे. फोटोसाठी म्हणून घेतलेले नायलॉनचे चकचकीत कपडे संध्याकाळी घालावेत. छत्री न्यायला लाजू नये. आणि खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही हा समज सोडून द्यावा. कांदा जेवणात खावा, खिशात ठेवून त्याचा काही उपयोग नाही.

भिंतीवरच्या कॅलेंडरातील भरती

खोपोलीजवळ इमॅजिकासारखे करमणुकीचे उद्यान आहे. तिथे तिकीट असते, फाटक असते, पाळण्यावर बसवणारा आणि उतरवणारा माणूस असतो. तारकर्ली-देवबागला बनाना राईड, जेट स्की, पॅरासेलिंग सारे काही आले आहे, त्यामुळे लोकांना तेही तसलेच एक उद्यान वाटू लागले आहे. पण समुद्राला फाटक नाही आणि जीवरक्षक प्रत्येक ठिकाणी नसतो.

१५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतील आठ जण बुडून गेले. २४ मे २०२२ रोजी स्कुबा डायव्हिंग करून परतणारी पर्यटकांची बोट तारकर्लीच्या समुद्रात उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. दोन्ही घटना सुट्टीच्या, गर्दीच्या दिवसांतल्या आहेत.

भरती-ओहोटीची वेळ ओळखण्याची एक जुनी रीत कोकणात आहे आणि तिला मोबाइल लागत नाही. कॅलेंडरात त्या दिवशीची तिथी पाहावी आणि तिच्या आकड्याची पाऊणपट करावी. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास, दुपारी आणि पहाटे दोन्ही वेळा. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजावे. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे, थोडे मागेपुढे होते. तिथी शुभ की अशुभ हे पाहण्याचे आपल्याला कारण नाही, चंद्र पाणी ओढतो हे पाहण्याचे आहे. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास पाणी सर्वाधिक चढते आणि उतरते, त्याला उधाण म्हणतात. बुद्धपौर्णिमेच्या सुट्टीला जोडून तारकर्लीला जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. त्यांना मिळते ते उधाणाचे पाणी.

पोहण्याला सर्वांत वाईट वेळ म्हणजे पाणी उतरत असताना. देवबागच्या संगमावर तर ओहोटीला नदीचे पाणी आणि खाडीत शिरलेले भरतीचे पाणी, दोन्ही मिळून समुद्राकडे धावतात. तिथे पाण्यात उतरूच नये, पाहावे आणि परतावे. कर्लीच्या पात्रातील ज्या वाळूच्या बेटाला त्सुनामी आयलंड म्हणतात ते भरतीला पाण्याखाली जाते, तेव्हा होडीवाला ‘चला’ म्हणाला की निघावे, ‘आणखी एक फोटो’ म्हणू नये. मोकळ्या किनाऱ्यावर पाणी आत ओढू लागले तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये, माणूस थकून बुडतो. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत ओढीबाहेर पडावे आणि मग लाटेबरोबर यावे. पोहता येत नसेल तर गुडघ्याच्या वर पाणी नको. साडी नेसून कमरेइतक्या पाण्यात जाऊ नये. भिजलेली साडी पायांत गुंडाळते आणि उठू देत नाही.

होडीत बसताना लाइफ जॅकेट मागून घ्यावे, पट्टे आवळावेत, मुलांच्या मापाचे नसेल तर त्या होडीत बसू नये. किती माणसांची परवानगी आहे हे विचारण्यात भीड कसली? भरलेली होडी सोडून दिली तर दहा मिनिटे जातात. स्कुबा करणाऱ्यांनी दमा, हृदयविकार, कानाचे दुखणे लपवू नये.

आणि दारूविषयी. सुट्टी म्हणजे बाटली असे समजणारे आपल्यात आहेत, ते लपवून उपयोग नाही. दारू अंगातले पाणी काढून टाकते, त्यात दमट ऊन आणि समोर समुद्र. अशा माणसाच्या हाती मूल देणाऱ्या बाईलाही दोष देता येत नाही, कारण तिला स्वयंपाकघरात धाडलेले असते. गटाने निघतानाच हे ठरवून घ्यावे.

माणसे मोजावीत

गर्दीची आपल्याला सवय आहे. ६ डिसेंबरला दादरला लाखोंच्या रांगेत पोराबाळांसह उभे राहणारा आपला समाज आहे. तिथे आपण मुलाच्या खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी ठेवतो, चुकामूक झाल्यास कुठे भेटायचे ते ठरवतो, म्हातारीला मध्ये घेतो. तीच शिस्त मालवणच्या धक्क्यावर आणि तारकर्लीच्या वाळूवर न्यावी. मुलाच्या मनगटावर बॉलपेनने मोबाइल क्रमांक लिहावा. सर्व मुलांना एका रंगाच्या टोप्या घ्याव्यात, भडक रंगाच्या. निळी टोपी आपल्याला प्रिय असली तरी पाण्यावर निळा रंग दिसत नाही. केशरी किंवा पिवळी बरी.

एक गोष्ट मात्र समुद्रावर वेगळी आहे. दहा मोठी माणसे आणि सहा मुले किनाऱ्यावर असली की प्रत्येकाला वाटते, दुसरा कोणी पाहतो आहे. मग कोणीच पाहत नाही. बुडणारे मूल सिनेमातल्यासारखे ओरडत नाही, त्याचे तोंड पाण्यात असते. ते गुपचूप खाली जाते. म्हणून पाळी लावावी. अर्धा तास काका, अर्धा तास मावशी. ज्याची पाळी त्याने मोबाइल दुसऱ्याकडे द्यायचा आणि नजर मुलांवरून काढायची नाही. पाळी संपली की नाव घेऊन सांगायचे, ‘आता तू’.

शनिवार-रविवार आणि १ मेला जोडून येणाऱ्या सुट्ट्या टाळता आल्या तर निम्मी गर्दी टळते. मालवणच्या बाजारपेठेतला आणि देवबागकडे जाणारा रस्ता अरुंद आहे, मोटारी अडकल्या की तासन् तास उन्हात बसावे लागते. सोमवार ते गुरुवार उत्तम. मेच्या शेवटच्या आठवड्याचा भरवसा धरू नये. २५-२६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत जलक्रीडा आणि किल्ल्याच्या होड्या बंद असतात. २०२५ साली तर मोसमी पाऊस २५ मे रोजीच देवगडपर्यंत पोहोचला होता.

एवढे करूनही कोणाला ऊन लागलेच, तर दोन अवस्था ओळखाव्यात. डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे, खूप घाम ही पहिली. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, घोट घोट जलसंजीवनी द्यावी, तासाभरात उतार पडतो. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग चटका बसेल इतके तापले, शुद्ध हरपू लागली, ही दुसरी, आणि ती जीवघेणी आहे. १०८ ला फोन करावा. गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत वारा घालावा, मान, काखा, जांघा येथे ओली फडकी ठेवावीत. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. ‘किनाऱ्यावरचे वारे लागले’ म्हणून अंगारा आणायला कोणाला धाडू नये. मालवणला ग्रामीण रुग्णालय आहे.

राहिला प्रवास. कोकणकन्या, मांडवी, जनशताब्दी, तुतारी या गाड्या कुडाळला थांबतात, तिथून मालवण तीसेक किलोमीटर. कोल्हापूरकडच्यांना फोंडा घाट उतरून कणकवलीमार्गे एस.टी. सोयीची. एस.टी.त १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत. आजी-आजोबांचे आधार कार्ड विसरू नये. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. म्हणजे १० मेची गाडी हवी असेल तर ११ मार्चला सकाळी आठला खिडकीवर उभे राहायला हवे.